लिंक आलीय, पैसे द्यायचे का?

ऑनलाइन मदत, देणगी, क्राउडफंडिंग (म्हणजे खूप जणांकडून थोडेथोडे पैसे जमवणं) यावर प्रश्न पाठवा म्हटलं तर एवढे आले की सारखेसारखे बाजूला काढून त्यातले काहीच इथे घेतलेत. पैशाचा मामला आहे म्हणून कुणाचंच नाव छापत नाहीये, फक्त गाव.

प्रश्न: ताई, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखे कुठल्या ना कुठल्या आजारी बाळाचे फोटो येतात, नाकात नळी वगैरे, खाली लिंक आणि क्यूआर कोड. मी दोनदा पैसे दिलेत. मिस्टर म्हणतात सगळा फ्रॉड आहे, तुला कुणीही गंडवतं. खरं-खोटं ओळखायचं कसं? (डोंबिवली)

मिस्टर अर्धे बरोबर आहेत, पण अर्धेच. मिलाप २०१० ची, केटो २०१२ ची, इम्पॅक्ट गुरू २०१४ ची, या आपल्याकडच्या मोठ्या साइट्स आणि त्यांच्यावरून जमलेल्या पैशांतून खरोखर ऑपरेशनं झालीयेत, होतायत. २०२१ ची गोष्ट आठवत असेल, मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीला एसएमए नावाचा स्नायूंचा आजार होता आणि त्याचं झोलजेन्स्मा हे इंजेक्शन तेव्हा साधारण १६ कोटींना होतं. कुठल्या नोकरदार घरात असतात हो १६ कोटी, पण लोकांनी पाचशे-हजार करत ऑनलाइन जवळजवळ तेवढे जमवले आणि वर आयात शुल्क न् जीएसटीचे जे सहा कोटींच्या आसपास लागणार होते ते केंद्र सरकारने माफ केले. म्हणजे ही गोष्ट चालते.

पण तुमच्या ग्रुपवर येतं ते पोस्टर आणि साइटवरचं पेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात जास्त चालणारा प्रकार असा की खऱ्या पेशंटचं खरं पोस्टर उचलायचं, फोटो तोच, हॉस्पिटलचं नाव तेच, फक्त खालचा क्यूआर कोड बदलायचा आणि फॉरवर्ड करून द्यायचं. आई-बापांना पत्ताच नसतो की त्यांच्या बाळाच्या नावाने तिसराच कुणीतरी कमावतोय. म्हणून पोस्टरवरचा कोड स्कॅन करायचाच नाही. साइट स्वतः उघडा, तिथे पेशंटचं नाव टाकून शोधा, पेज सापडलं तर तिथून द्या. आणि समजा स्कॅन केलंच तर पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर खात्याचं नाव येतं ना, ते वाचा. पोस्टर म्हणतंय परळचं हॉस्पिटल आणि नाव येतंय कुठल्यातरी 'अमुक एंटरप्रायझेस'चं, तर तिथूनच मागे फिरा.

पेज उघडल्यावर लोक गोष्ट वाचतात आणि रडतात. मी आधी खाली स्क्रोल करून कागद बघते. हॉस्पिटलचं एस्टिमेट असतं, लेटरहेडवर, त्यावर पेशंटचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, तारीख, डॉक्टरची सही-शिक्का, आणि खर्च फोडून दिलेला, सर्जरीचे इतके, आयसीयूचे दिवसाला इतके, औषधं इतकी. एस्टिमेट सात लाखांचं आणि पेजवरचं टार्गेट पंचवीस लाखांचं असेल तर मधल्या अठराचं काय ते लिहिलेलं पाहिजे, आणि खऱ्या केसमध्ये ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतंच, पुढचे केमो, राहण्याचा खर्च असं. तारीख वर्षभरापूर्वीची असेल आणि मधल्या काळात अपडेट एकही नसेल तर थांबा. मग बघायचं की पैसे कुणाच्या खात्यात जाणार. साइटवरून थेट हॉस्पिटलला जाणार असतील तर माझा जीव अर्धा तिथेच भांड्यात पडतो. पेशंटच्या नातेवाइकाच्या खात्यात जाणार असतील तर ते चूक नाहीये, औषधं बाहेरून आणावी लागतात, पण मग ती व्यक्ती पेशंटची कोण लागते हे पेजवर असायला हवं.

मोठी रक्कम द्यायची असेल तर हॉस्पिटलला फोन करा, नंबर पोस्टरवरचा नाही, हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचा, आणि समाजसेवा विभाग मागा. मोठ्या हॉस्पिटलांत हा विभाग असतो आणि तिथल्या लोकांना कुठल्या वॉर्डात कुणासाठी पैसे उभे राहतायत हे माहीत असतं. ते तुम्हाला आजाराची माहिती देणार नाहीत, देऊही नये, पण हे एस्टिमेट तुमच्याकडचंच ना एवढं विचारायला काय हरकत आहे.

गंडलाच तर लाज वाटून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा, तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि एक, विषय निघालाच आहे म्हणून. त्या नळ्या लावलेल्या बाळांचे क्लोजअप मला अजिबात पटत नाहीत. रडवणाऱ्या फोटोला पैसे जास्त येतात हे साइटवाल्यांना चांगलं माहितीय, पण ते मूल बरं होऊन शाळेत गेल्यावरही तो फोटो इंटरनेटवर फिरतच राहणार. फोटो साधा आणि कागद पक्के असलेल्या पेजला मी तरी आधी देते.

प्रश्न: एका साइटवर १००० रुपये दिले आणि खात्यातून ११८० गेले. कस्टमर केअरला मेल केला तर म्हणे ती तुम्ही दिलेली टिप आहे. मी कधी दिली टिप? हॉटेल आहे का हे? (नाशिक)

हा हा, प्रश्न वाचून हसले पण तुमचा राग बरोबर आहे. कसं असतं, पूर्वी या साइट्स जमलेल्या रकमेतून टक्केवारी कापून घ्यायच्या, लोक ओरडायला लागले की पेशंटच्या पैशातून कमिशन खाता, मग बऱ्याच जणींनी 'आमची फी शून्य टक्के' असं जाहीर केलं आणि खर्च देणाऱ्याकडून टिप म्हणून घ्यायला सुरुवात केली. आता ऑफिस, सर्व्हर, कागदपत्रं तपासणारी माणसं यांचा पगार कुठूनतरी निघायला हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते हे की टिपचा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो, आणि पैसे द्यायची घाई झालेला माणूस रकमेच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पुढच्या वेळी असं करा. रक्कम टाकली की तिच्या खाली टक्क्याचा डबा किंवा सरकवायची पट्टी दिसेल. डब्यावर दाबलं की दोन-चार टक्केवाऱ्या येतात, शून्य त्यात नसतंच बहुतेक, सगळ्यात खाली 'अदर' असं काहीतरी असतं, ते निवडून ० टाकायचं किंवा तुम्हाला योग्य वाटेल ते, मी साधारण पन्नास रुपये टाकते. मग एकूण किती कटणार तो आकडा बघूनच पुढे जायचं. त्याच पानावर 'दर महिन्याला द्या' अशी खूण आधीच केलेली नाही ना हेही बघा. झालीच असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचा भाग असतो तिथून ते बंद करता येतं, साइटला मेल करत बसायची गरज नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. यंदा ५००० रुपये एका रुग्णाच्या ऑनलाइन आवाहनाला दिले आणि ५००० एका नोंदणीकृत संस्थेला. दोन्हींवर इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळेल काय? (सातारा)

सर, रुग्णाला दिलेल्यावर नाही. ८०जी ची सवलत मिळते ती त्या कलमाखाली मान्यता असलेल्या संस्थेला किंवा निधीला दिलेल्या पैशांवर, व्यक्तीला दिलेले पैसे ही तुमची भेट झाली. काही साइट्स ट्रस्टच्या नावाने पेज चालवतात आणि त्या ट्रस्टची पावती देतात, तिथे प्रकरण वेगळं, म्हणून पावतीवर नाव कुणाचं आहे ते बघायचं. साइटला दिलेली टिप तर कशातच धरली जात नाही.

संस्थेच्या ५००० पैकी बहुतेक वेळा निम्मे म्हणजे २५०० उत्पन्नातून वजा होतात. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचले ५०० रुपये. लोकांना वाटतं सगळे ५००० परत मिळतात, तसं नाहीये. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधानांचा निधी यांना दिलं तर मात्र पूर्ण रक्कम वजा होते. आणि हे सगळं जुन्या करपद्धतीत बरं का, नव्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर ८०जी नाहीच. पेन्शनरांपैकी बरेच जण आता नव्यात गेलेत, तेव्हा आधी तुमच्या सीएला विचारा की मी कुठल्या पद्धतीत आहे.

जुन्यात असाल तर साधी पावती पुरत नाही. देताना पॅन द्यावा लागतो, संस्था वर्षभराच्या देणग्यांची यादी आयकर खात्याला कळवते आणि मग फॉर्म १०बीई नावाचं प्रमाणपत्र तुम्हाला देते, आर्थिक वर्ष संपलं की ३१ मे पर्यंत. नाही आलं तर जूनमध्ये फोन करा, संकोच करू नका, तुमचा हक्क आहे. आणि रोख २००० च्या वर दिलेलं असेल तर सवलत विसरा.

प्रश्न: वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन सांगितलंय, शेती दोन एकर, खर्च साडेतीन लाख. मित्र म्हणतात ऑनलाइन कॅम्पेन टाक, दोन दिवसांत पैसे जमतात. टाकू का? (जालना)

दादा, टाका, पण ते शेवटी. आधी तीन दारं ठोठवा.

पहिलं महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना. हृदयाच्या कितीतरी शस्त्रक्रिया तिच्यात बसतात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये जा, तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्या टेबलावर फाइल ठेवा आणि विचारा की हे ऑपरेशन बसतं का. तुम्ही आत्ता ज्या हॉस्पिटलात आहात ते योजनेत नसेल तर कुठलं आहे हेही त्यालाच विचारा. ॲडमिट होऊन बिल चढायला लागल्यावर हे करणारे खूप भेटतात, तेव्हा हालवायचं कसं हा नवाच प्रश्न होऊन बसतो.

दुसरं, धर्मादाय हॉस्पिटल. ट्रस्टच्या म्हणून नोंदलेल्या मोठ्या हॉस्पिटलांना मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बाहेरून ती पंचतारांकित दिसतात त्यामुळे आपला माणूस आत पाऊलच टाकत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, त्याच्याशिवाय पुढे काही सरकत नाही. नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात लेखी तक्रार करता येते.

तिसरं, मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्ष. अर्ज डिस्चार्ज व्हायच्या आत करा, एस्टिमेट आणि दाखला जोडून.

या सगळ्यानंतर जी रक्कम कमी पडेल तेवढ्याचंच कॅम्पेन टाका, साडेतीन लाखांचं नको. आणि दोन दिवसांत पैसे जमतात हे मित्रांचं ऐकू नका, साइटवर पेज टाकलं म्हणजे अनोळखी लोक आपोआप येऊन देत नाहीत, तिथे एका वेळी असंख्य पेजं चालू असतात. पहिले पैसे ओळखीतूनच येतात, भावकी, वर्गमित्र, गावचे पुण्या-मुंबईला गेलेले, आणि त्यांनी स्वतः चार ओळी लिहून लिंक पुढे पाठवली तर त्यांच्या ओळखीचे. नुसता फॉरवर्ड कुणी वाचत नाही. तेव्हा गावातला जो मुलगा फोनवर सगळ्यांशी बोलतो ना, त्याला सोबत घ्या. साइटकडून कुणी फोन करून आम्ही जाहिरात करून जास्त पैसे जमवून देतो म्हणालं तर त्याचे किती कापणार हे लिहून मागा, ती कापणी वेगळी असते.

पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाऊ द्या. स्वतःच्या खात्यात घेतले आणि नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षात एकूण ५०,००० च्या वर आले तर करपात्र होण्याचा प्रश्न येतो, त्यामुळे बिलं, पावत्या, सगळं एका पिशवीत जपून ठेवा आणि जालन्यातल्याच एखाद्या सीएला एकदा विचारून घ्या.

प्रश्न: माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला आमच्या गावच्या शाळेसाठी तिथल्या मित्रांकडून ऑनलाइन पैसे जमवायचे आहेत. गोफंडमी वरून करेन म्हणतो. चालेल का? (इस्लामपूर)

भाच्याला आधी विचारा पासपोर्ट कुठला. खरंच. भारताचा पासपोर्ट असलेला माणूस परदेशात कमावून बँकेतून आपल्या देशातल्या संस्थेला देतो ते परदेशी देणगीत मोडत नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, मग हातात ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) का असेना, की ते परदेशी देणगीत येतं आणि घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं लागतं. गावच्या शाळेकडे हे कुठून असणार! आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका एफसीआरएवाल्या संस्थेने पैसे घेऊन दुसरीला देणंही बंद झालंय, म्हणजे 'आपल्या ओळखीच्या ट्रस्टमार्फत वळवू' हा जुना रस्ता आता नाही.

मामाच्या खात्यावर पाठवतो म्हणाला तर? मामाला घरगुती मदत म्हणून पाठवणं वेगळं, मित्रांकडून शाळेच्या नावाने गोळा करून मामाच्या खात्यात टाकणं वेगळं. ते नको, तुम्ही अडकाल. गोफंडमीवर पेज चालवणाऱ्याचं बँक खातं त्यांच्या यादीतल्या देशात असावं लागतं आणि भारत त्यात नाही, त्यामुळे पैसे आधी भाच्याच्याच खात्यात पडणार आणि पुढचा सगळा घोळ तसाच राहणार. त्यापेक्षा तिथे १९७८ पासून महाराष्ट्र फाउंडेशन आहे, मराठी माणसांनीच उभी केलेली, त्यांच्याशी बोलायला सांगा. तिथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत दिलं तर मित्रांनाही अमेरिकेत करसवलत मिळते. मात्र इथे काम करणारी एफसीआरए असलेली संस्थाच लागेल, तिला तुमच्या शाळेत थेट काम करायला सांगता येतंय का ते बघा, संगणक खोली म्हणा, स्वच्छतागृह म्हणा. चेक शाळेच्या हातात पडणार नाही, पण खोली उभी राहील.

प्रश्न: दान नको, कर्जाऊ देऊन परत मिळतील अशी साइट आहे असं ऐकलं. खरंय? (वाशी)

आहे. अमेरिकेतली किवा २००५ मध्ये यावरच सुरू झाली, २५ डॉलरपासून. आपल्याकडे रंग दे, २००८ ची, शेतकरी, छोटे धंदेवाले, बायकांचे गट यांना लोकांकडून कर्ज मिळवून देते. मिलापसुद्धा सुरुवातीला हेच करायची. पैसे बुडू शकतात, साइट हमी देत नाही, त्यामुळे एफडी मोडून घालू नका. बुडाले तरी झोप लागेल एवढेच घाला.

प्रश्न: मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पूर आला तेव्हा आमच्या मंडळाने माझ्या गुगल पे वर पैसे गोळा केले. किराणा किट वाटूनही थोडे उरलेत. आता एक मेंबर म्हणतो हिशोब दे, दुसरा म्हणतो उरलेले गणपतीत वापरू. कायद्याने काही प्रॉब्लेम आहे का? (चिंचवड)

गणपतीत वापरू म्हणणाऱ्याला आधी गप्प करा. पुराच्या नावाने मागितलेले पैसे पुरालाच.

कायद्याचं म्हणाल तर नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून असे पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची आधी परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१सी. गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळं दरवर्षी घेतात ना, तीच. पूर आला की भावनेच्या भरात कुणाला सुचत नाही, समजू शकते, पण पुढच्या वेळी आधी अर्ज करा किंवा सरळ मुख्यमंत्री सहायता निधीची लिंक ग्रुपवर टाका आणि गोळा करायच्या भानगडीतच पडू नका.

आता झालंय त्याचं काय. तुमचे पगाराचे पैसे, दुधवाल्याचे पैसे आणि पुराचे पैसे एकाच खात्यात मिसळलेत, हा खरा घोळ. बँकेचं स्टेटमेंट काढा, पुराच्या प्रत्येक एंट्रीवर पेनाने खूण करा, देणाऱ्याचं नाव आणि रक्कम एका कागदावर उतरवा, समोर किराणा, टेम्पोचं भाडं, डिझेल यांची बिलं लावा. टेम्पोवाल्याने बिल दिलं नसेल तर त्याच्याकडून आता साध्या कागदावर सही घ्या. या सगळ्याचा फोटो काढून त्याच ग्रुपवर टाका जिथे पैसे मागितले होते. मग उरलेले त्या भागात काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला बँकेतूनच पाठवा, मंडळाचं नाव कळवून पावती मंडळाच्या नावाने मागा, तुमच्या नाही, नाहीतर ८०जी तुम्ही खाल्लं म्हणून नवीनच भांडण सुरू होईल.